डोलणारी पुली

मोटारीचें तोंडावरचें झांकण उघडून इंजिन चालूं केलें म्हणजे त्याच्या एका टोंकाला एक चाक गरगर फिरतांना दिसतें. त्या चाकाला रबरी पट्ट्याचा विळखा असतो, आणि त्या पट्ट्याच्या ओढीवर वीज उत्पन्न करणारा अल्टरनेटर, थंड हवेचा काँप्रेसर आणि पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपहि फिरत असतो. शाळेच्या पुस्तकांत अशा चाकाला कप्पी म्हणतात. गॅरेजमध्यें त्याचें नांव पुली. इंजिनाचा जो मुख्य दांडा, ज्याला क्रँकशाफ्ट किंवा नुसतें क्रँक म्हणण्याचा प्रघात आहे, त्याच्या नाकावर ही पुली बोल्टानें आवळलेली असते. क्रँक जितके वेळां फिरेल तितके वेळां तिनें फिरावें, आणि फिरतांना तिचा कांठ रेघेसारखा स्थिर दिसावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा.

परंतु एखादे दिवशीं हा कांठ स्थिर दिसत नाहीं. तो आंतबाहेर झुलूं लागतो. इंजिनाच्या आवाजांत एक ठेका उमटतो, पट्टा चिवचिवतो, आणि ज्याचें लक्ष आहे अशा मालकाच्या मनांत शंका येते.

समजा, धरमपेठेंतील एका गृहस्थांच्या ही गोष्ट ध्यानांत आली. गाडी दहा-बारा वर्षांची, परंतु जपून वापरलेली. ते एका गॅरेजांत जातात. मिस्त्री वांकून पाहतो आणि म्हणतो, “कांहीं नाहीं होत साहेब, चालवा बिनधास्त.” एवढ्यानें समाधान होत नाहीं म्हणून गृहस्थ दुसरीकडे जातात. तेथला मिस्त्री क्षणभर पाहतो, मान हालवितो आणि सांगतो, “क्रँक बेंड झाला, साहेब. इंजिन उतरवावें लागेल.” पहिल्या उत्तराचा खर्च शून्य, दुसऱ्याचा इतका कीं त्यापेक्षां गाडीच विकून टाकावी असें वाटावें. मौज ही कीं दोघांपैकीं एकानेंहि पुलीला हात लावलेला नसतो. पुली डोलते हें दोघांनाहि दिसलें. पण डोलणें हें लक्षण आहे, रोग नव्हे, आणि लक्षणावरून रोगाकडे जाण्याचा जो मधला रस्ता आहे तो दोघांनींहि चालण्याचे श्रम घेतले नाहींत.

नागपुरांत कसबी मिस्त्र्यांचा तोटा आहे असें नव्हे. ज्या शहराच्या कामठी रस्त्यावरील एका चौकाला ऑटोमोटिव्ह चौक हेंच नांव पडलें, आणि मेट्रोच्या स्थानकानेंहि तेंच नांव घेतलें, त्या शहरांत आवाजावरून इंजिनाची प्रकृति ओळखणारी माणसें आजहि आहेत. पण गिऱ्हाइकांची गर्दी असते, वेळ थोडा असतो, आणि गाडीचा मालक कांहींच विचारीत नाहीं. मालकानें चार प्रश्न नीट विचारले तर पुढचें बरेंचसें सुरळीत होतें. हे प्रश्न कोणते, तें समजून घेण्यासाठीं यंत्रशास्त्राची पदवी लागत नाहीं.

खरें पाहतां ही रीत नागपूरकरांच्या घरांत फार दिवस चालत आलेली आहे. चैत्र लागला कीं घरोघर कूलर बाहेर निघतात. पहिल्याच दिवशीं कूलरचा पंखा थडथडूं लागला तर शहाणा माणूस एकदम मोटर बदलावयास निघत नाहीं. पातें वांकलें आहे काय, पंख्याला दांडीवर धरून ठेवणारा स्क्रू ढिला झाला आहे काय, आणि हीं दोन्ही ठीक असतील तर दांडीच वांकली आहे काय, असा तो बाहेरून आंत जातो. बैलगाडी ज्यांनीं जवळून पाहिली आहे त्यांना हें अधिकच लवकर कळेल. चाक डोलूं लागलें तर सुतार तीन जागा पाहतो : वरची लोखंडी धाव निसटली आहे काय, मधला तुंबा सैल झाला आहे काय, कीं आंसच वांकली आहे. धाव, तुंबा आणि आंस. मोटारीच्या पुलीचेंहि हेंच त्रैराशिक आहे, आणि या तिघांत गुन्हेगार कोण हें ठरविणें म्हणजेच तिच्या दोषाचें निदान.

येथें पुलीची घडण थोडी समजून घ्यावी लागेल. पुष्कळांचा समज असा कीं पुली म्हणजे लोखंडाचा एकसंध तुकडा. जुन्या व लहान इंजिनांत ती तशी असेहि. पण आज रस्त्यावर धांवणाऱ्या पुष्कळ मोटारींत ती तीन थरांची असते. मध्यें तुंबा, जो क्रँकच्या नाकावर बसतो. बाहेर एक जड लोखंडी कडें, ज्यावरून पट्टा धांवतो. आणि या दोहोंच्या मध्यें चिकटविलेली रबराची एक अरुंद बांगडी. बाहेरचें कडें तुंब्याला लोखंडानें जोडलेलेंच नसतें. तें केवळ त्या रबराच्या मिठींत असतें.

ही मिठी पट्ट्याच्या सोईसाठीं नव्हे. ती क्रँकच्या जिवासाठीं आहे. चार सिलिंडरांच्या साध्या इंजिनांत क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे आणि १०० स्फोट होतात. प्रत्येक स्फोटाचा तडाखा क्रँकला किंचित् पिळतो आणि तडाखा ओसरतांच क्रँक उलट उसळी घेतो. हा पीळ डोळ्यांना दिसण्याजोगा नसतो. परंतु विशिष्ट गतीस स्फोटांचा ठेका आणि दांड्याचा स्वतःचा ठेका एकत्र आले म्हणजे, झोपाळ्याला योग्य वेळीं दिलेल्या धक्क्यांप्रमाणें, पीळ वाढत जातो. क्रँकच्या मागच्या टोंकाला जड फ्लायव्हील असतें. त्यामुळें पुढचें मोकळें टोंकच अधिक थरथरतें. या शतकाच्या मागल्या शतकारंभीं लांब क्रँकचीं सहा सिलिंडरांचीं इंजिनें निघूं लागलीं, तेव्हां ह्याच थरथरीनें मोठमोठ्या कारखानदारांना बेजार केलें. इंग्लंडांतील फ्रेडरिक लँचेस्टर यानें १९१० च्या सुमारास क्रँकच्या टोंकाशीं एक स्वतंत्र जड चक्र बसवून, त्याच्या घर्षणांत ती थरथर जिरविण्याची युक्ति काढली. रबरी बांगडीची पुली ही त्या युक्तीचीच पुढची पिढी होय. कडें आपल्या जडपणामुळें एका चालीनें फिरत राहूं पाहतें, दांडा थरथरतो, आणि मधलें रबर ती थरथर आपल्या अंगावर घेऊन तिची उष्णता करून टाकतें. गॅरेजांत या पुलीला डँपर किंवा बॅलन्सर म्हणतात तें याकरितां.

रबर म्हटलें कीं वय आलें, आणि नागपुरांत वयाबरोबर ऊन आलें. मे महिन्यांत पारा जेथें ४५ अंशांच्या वर जातो तेथें झांकणाखालची हवा किती तापत असेल, याची कल्पना उभी गाडी उघडून हात नेतांच येते. उष्णतेनें रबर कडक होतें, त्याला बारीक भेगा जातात, आणि एके जागीं तें लोखंडापासून सुटतें. दुसरा शत्रु तेल. क्रँकच्या नाकाभोंवतीं जें ऑइल सील असतें तें पाझरूं लागलें तर तेल रबरावर पडतें. रबर फुगतें, मऊ होतें, आणि त्याची पकड जाते. मग कडें एका बाजूस कलतें. पट्टा त्याबरोबर झुलतो. हेंच डोलणें.

आतां तपासणी. आरंभीं एक इशारा द्यावयास हवा. फिरत्या पुलीजवळ बोट, बाही, ओढणी किंवा पदराचें टोंक कधींहि नेऊं नये. इंजिन बंद असलें तरी रेडिएटरचा विजेचा पंखा आपोआप सुरू होऊं शकतो; म्हणून हात घालण्यापूर्वीं किल्ली काढून घ्यावी आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी.

पहिली तपासणी डोळ्यांची. इंजिन थंड व बंद असतां विजेरी घेऊन पुलीच्या आसपास निरखून पाहावें. रबराचे काळे तंतु किंवा चुरा बाहेर आला असेल तर संशय बांगडीवर. बोल्टाच्या डोक्याभोंवतीं किंवा तुंब्याच्या सांध्यांतून गेरूसारखी तांबूस पूड निघालेली असेल तर संशय तुंब्यावर. कारण लोखंडावर लोखंड बारीक बारीक घांसलें गेलें कीं अशीच पूड पडते, आणि घट्ट बसलेल्या तुंब्याला घांसण्याचें कारणच नसतें. पुलीमागच्या झांकणावर चकचकीत ओरखडा दिसला तर पुली आंत सरकून तेथें घासते आहे. तेलाचा ओलावा दिसला तर सीलची चौकशी पुलीबरोबरच करावी. एवढें पाहण्यास पांच मिनिटें पुरतात. पण या पांच मिनिटांतच अर्धा निकाल लागतो.

दुसरी तपासणी खडूची. हिच्याइतकी स्वस्त व विश्वासू तपासणी सगळ्या मोटारविद्येंत क्वचितच सांपडेल. पुली स्वच्छ पुसून तुंब्यापासून रबरावरून थेट कड्यापर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढावी. मग पट्ट्यावर भार पडेल अशा रीतीनें, म्हणजे थंड हवेचें यंत्र लावून, गाडी दोन-चार किलोमीटर चालवावी व इंजिन बंद करून पुन्हां पाहावें. रेघ अखंड असेल तर रबराची पकड निदान फिरण्याच्या दिशेनें शाबूत आहे. रेघेचा बाहेरचा तुकडा पुढें-मागें सरकला असेल तर कडें रबरावरून घसरतें आहे आणि पुली बदलण्यावांचून गत्यंतर नाहीं. जुन्या गाड्यांत हें घसरणें आणखी एक घोटाळा करी. ठिणगीची वेळ जुळविण्याची खूण बाहेरच्या कड्यावर कोरलेली असे. कडें सरकलें कीं खूण खोटी बोलूं लागे. मिस्त्री त्या खोट्या खुणेवर विश्वास ठेवून वेळ लावी, इंजिनाचा जोर जाई, आणि दोष मात्र कार्बोरेटरच्या माथीं बसे.

तिसरी तपासणी हातांची. बॅटरी सोडविलेलीच असावी. पुलीचा कांठ दोन्ही हातांनीं, घड्याळांतील तीन व नऊ यांच्या जागीं धरून, आंतबाहेर हालवून पाहावा, आणि त्या वेळीं नजर मधल्या बोल्टावर ठेवावी. कांठ हालतो पण तुंबा व बोल्ट जागचे हालत नाहींत, तर रबर सुटलें. कांठ व तुंबा एकत्र हालतात आणि बोल्ट स्थिर, तर तुंबा दांड्यावर सैल. सगळेंच एकदम हालतें, दांड्यासकट, तर मात्र प्रश्न इंजिनाच्या आंतला, बेअरिंगांचा आहे. याच संदर्भांत क्लचची एक सोपी परीक्षा आहे. इंजिन बंद असतां एकानें क्लचचें पेडल पूर्ण दाबावें व सोडावें, दुसऱ्यानें पुलीकडे पाहावें. पेडल दाबतांच पुली डोळ्यांस स्पष्ट दिसेल इतकी पुढें सरकत असेल तर क्रँकला लांबीच्या दिशेनें धरून ठेवणारे थ्रस्ट वॉशर झिजले आहेत. हें सरकणें आणि डोलणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, परंतु चालत्या इंजिनांत घाईनें पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच भासतात.

चौथी तपासणी कांट्याची, आणि निकाल देण्याचा अधिकार हिचा. चालतें इंजिन पाहून निकाल देणें धोक्याचें आहे. मंद गतीस, मिनिटाला ८०० फेऱ्यांवरहि, पुली सेकंदाला तेरा फेरे घेते. डोळ्याला तेथें केवळ धूसर पट्टा दिसतो. हल्लीं हातांतल्या फोनानें संथगति चित्र घेण्याची सोय झाली आहे आणि तिचा उपयोगहि होतो. पण फिरत्या वस्तूचें चित्र फोनाच्या कॅमेऱ्यांत पुष्कळदा तिरपें, वांकलेलें उमटतें, आणि जेथें दोष नाहीं तेथेंहि दिसतो. यास्तव पुली हातानें सावकाश फिरवावी. गिअर काढलेला असावा. स्पार्क प्लग काढून ठेविले तर इंजिन हलकें फिरतें. मधल्या बोल्टाला पाना लावून, इंजिनाच्या चालण्याच्या दिशेनेंच, फेरा द्यावा. इंजिनाच्या स्थिर भागाला एक ताठ तार बांधून तिचें टोंक कड्याच्या बाजूपासून केसभर अंतरावर आणावें. गॅरेजांत डायल गेज असेल तर फारच उत्तम. तें मिलिमीटरचे शतांश मोजतें. पण तारहि पुष्कळ सांगते. फेऱ्याबरोबर अंतर कमी-जास्त होतें किंवा नाहीं तें पाहावें.

हें वाचन तीन ठिकाणीं घ्यावयाचें : प्रथम कड्यावर, नंतर तुंब्याच्या तोंडावर, आणि जरूर पडल्यास पुली काढून दांड्याच्या उघड्या नाकावर. कडें झुलतें व तुंबा स्थिर, तर पुली बदला, क्रँकला हात लावूं नका. तुंबा झुलतो व दांडा स्थिर, तर बोल्ट, चावी, खांच आणि बैठक पाहा. दांड्याचें नाकच झुलतें असें ठरलें, तरच क्रँक वांकल्याचें बोला. अंगभूत असें थोडेंसें झुलणें सगळ्याच पुल्यांना असतें; किती चालतें तें त्या त्या इंजिनाच्या कारखाना-पुस्तिकेंत दिलेलें असतें, आणि तो आंकडा मिस्त्र्याला विचारण्यांत संकोच धरण्याचें कारण नाहीं.

क्रँक वांकल्याचा निकाल सर्वांत शेवटीं ठेवावा, याचें कारण क्रँकची जात. पुष्कळसे क्रँक घडीव पोलादाचे असतात. पुण्यास मुंढवा येथें १९६१ सालीं स्थापन झालेला भारत फोर्जचा कारखाना देशोदेशींच्या मोटार-कारखान्यांना जे क्रँक पुरवितो ते लालभडक तापविलेल्या पोलादाला प्रचंड दाबाखालीं घडवून केलेले असतात. असा दांडा सहजासहजीं वांकत नाहीं. समोरून जबर धडक बसून पुलीवरच आघात झाला, किंवा कोणीं पुली काढतांना घणाचे घाव घातले, तर गोष्ट निराळी. म्हणून “क्रँक बेंड झाला” असें जो पुली न काढतां सांगतो, त्याला दांड्याच्या नाकावरचें वाचन दाखविण्याची विनंति नम्रपणें पण आग्रहानें करावी.

तुंबा सैल होण्याचें प्रकरण मात्र अधिक विस्तारानें सांगण्यासारखें आहे, कारण गाफीलपणाचा दंड येथें सर्वांत मोठा. तुंबा दांड्यावर निसटूं नये म्हणून दोघांच्याहि अंगांत समोरासमोर खांच असते आणि तींत पोलादाची एक लहान चावी बसते. वास्तविक फिरविण्याचा भार या चावीनें घ्यावयाचा नसतो. बोल्टाच्या आवळीमुळें तुंबा व दांडा एकमेकांवर जे दाबले जातात, त्या दाबानेंच तो पेलला जातो. चावी केवळ जागा दाखविण्यापुरती. बोल्ट ढिला झाला कीं सगळा भार बिचाऱ्या चावीवर येतो. ती झिजते, मग खांच रुंद होऊं लागते, आणि खांच क्रँकच्या अंगांतली असल्यामुळें नुकसान आतां पुलीचें न राहतां क्रँकचें होतें. ज्या इंजिनांत हाच बोल्ट टायमिंगच्या दातेरी चाकालाहि धरून ठेवतो, तेथें व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ चुकूं लागते. कांहीं इंजिनांत वेळ फार चुकल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

या व्याधीचें एक प्रसिद्ध उदाहरण जपानांतलें आहे. मझ्दा कंपनीनें १९८९ सालीं मियाटा नांवाची दोन आसनांची गाडी बाजारांत आणली. गाडी फार लोकप्रिय झाली, परंतु तिच्या आरंभीच्या इंजिनांत क्रँकचें नाक आखूड होतें. बोल्ट थोडा ढिला राहिला कीं खांच झिजे, पुली डोलूं लागे आणि इंजिनाचा जोर उतरे. १९९१ च्या सुमारास कंपनीनें नाक लांब व बोल्ट जाड केला. त्या जुन्या गाड्या बाळगणारे हौशी लोक आजहि प्रथम पुलीचें डोलणें पाहतात आणि मगच किंमत बोलतात.

आपल्याकडे बोल्ट ढिला राहण्याचा प्रसंग बहुधा टायमिंगचा पट्टा बदलल्यानंतर येतो. त्या कामासाठीं पुली काढावीच लागते. परत बसवितांना बैठकीवर मळ किंवा गंजाचा कण राहिला, अथवा बोल्ट मोजपट्टीच्या पान्यानें, म्हणजे टॉर्क रेंचनें, न आवळतां नुसत्या मनगटाच्या अंदाजानें आवळला, कीं कांहीं शे किलोमीटरांत पुली बोलूं लागते. म्हणून मालकानें मिस्त्र्याला विचारावयाचा सर्वांत मोलाचा प्रश्न हा : डोलणें सुरू होण्यापूर्वीं या इंजिनाच्या पुढच्या भागाचें काम केव्हां झालें होतें ?

सैल पुलीच्या आवाजाचीहि एक गंमत आहे. ती मंद गतीस खोल ‘ठक् ठक्’ असा आवाज करते आणि तो आवाज हुबेहूब बेअरिंग गेल्यासारखा असतो. या एका साम्यापायीं धडधाकट इंजिनें उघडलीं जातात. परीक्षा सोपी आहे. इंजिन थंड असतां पट्टा उतरवावा आणि अर्धा मिनिट, त्याहून अधिक नाहीं, इंजिन चालवावें. कारण पाण्याचा पंप पट्ट्यावर असेल तर तो त्या वेळीं बंद असतो. आवाज गेला किंवा त्याचा सूर बदलला तर दोष पुलीचा अथवा पट्ट्यावरच्या एखाद्या यंत्राचा. आवाज जसाच्या तसा राहिला तर अजून शोध संपला नाहीं. याच वेळीं पट्टा ताणणारी कप्पी, काँप्रेसरचें चाक आणि अल्टरनेटर हातानें फिरवून पाहावे. पुष्कळदा खरा डोलणारा तेथें सांपडतो आणि क्रँकची पुली निर्दोष सुटते. पट्ट्याचा एखादा लचका तुटला असेल तरी सरळ पुलीसुद्धां वांकडी भासते.

निदान झाल्यावर उपचारांत एक मोह टाळावयाचा असतो. रबर सुटलेली पुली लेथवाल्याकडे नेली तर तो कडें व तुंबा सरळ धरून वेल्डिंगनें सांधून देण्यास तयार होतो. पुली सरळ फिरते, पट्टा चिवचिवत नाहीं, खर्च अत्यल्प. पण ज्या रबरानें क्रँकची थरथर जिरवावयाची तेंच निरुपयोगी झालेलें असतें. पुढें कित्येक महिने कांहींहि होत नाहीं, आणि म्हणूनच हा उपाय फसवा आहे. पीळ सोसून सोसून क्रँकला थकव्याची बारीक भेग पडली तर ती वाजत नाहीं, दिसत नाहीं, आणि एके दिवशीं दांडा दुभंगतो. त्या वेळीं वेल्डिंगची आठवणहि कोणाला राहिलेली नसते. क्रँकच्या मानानें नवी पुली स्वस्तच पडते. जुनी पुली काढतांनाहि पुलर तुंब्याला लावावा. कड्याला ओढ दिली तर चांगलें रबरहि फाटतें. घणाचा उपयोग तर मुळींच नको.

“चालवा बिनधास्त” म्हणणाऱ्या पहिल्या मिस्त्र्याच्या पदरींहि थोडें सत्य आहे. शहरांतल्या शहरांत, सीताबर्डी ते सदर अशा फेऱ्या करणारी गाडी सुटत्या रबराच्या पुलीवर कांहीं काळ चालते. पण नागपूरची गाडी आतां शहरांत थांबत नाहीं. शिवमडक्यापासून निघणारा समृद्धि महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजीं शिर्डीपर्यंत आणि ५ जून २०२५ रोजीं मुंबईच्या बाजूस आमणेपर्यंत पुरा खुला झाला. त्याची लांबी ७०१ किलोमीटर आणि मोटारीला वेगाची मर्यादा ताशीं १२० किलोमीटर. तेथें इंजिन तासन् तास चढ्या फेऱ्यांवर राहतें, आणि ज्या रबरानें शहरांत वर्ष काढलें असतें तें एका दुपारीं हार खातें. कडें कललें कीं पट्टा निसटतो. बॅटरीचा दिवा लागतो, स्टिअरिंग कांहीं गाड्यांत एकदम जड होतें, आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर उन्हाळ्याच्या दुपारीं थोड्याच मिनिटांत इंजिन उकळूं लागतें. “एवढें पुढचें गांव गांठूं” म्हणून गाडी तशीच हांकली तर हेड गॅस्केट जातें, हेड वांकतें, आणि पुलीच्या किमतीच्या कित्येक पट खर्च पदरांत पडतो. गाडींत लहान मुलें व वृद्ध माणसें असली तर खर्चाची गोष्ट दुय्यम ठरते. तेव्हां बॅटरीचा दिवा व तापमानाचा कांटा एकाच वेळीं बोलूं लागले तर गाडी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावें.

नवी पुली बसवितांना दांड्याची बैठक व तुंब्याचें आंतलें तोंड कोरडें पुसून घ्यावें, चावी नवी घालावी, सील पाझरत असेल तर तेंहि त्याच वेळीं बदलावें. बोल्टाविषयीं पुस्तिकेचें सांगणें पाळावें. पुष्कळ इंजिनांत तो एकदाच वापरावयाचा असतो, कारण आवळतांना तो मुद्दाम ताणला जातो आणि दुसऱ्यांदां तशी पकड देत नाहीं. आवळणी मोजूनच व्हावी. मग तुंब्यापासून कड्यापर्यंत नवी रेघ ओढावी. पावसाळा जवळ असेल तर खडूऐवजीं पांढऱ्या रंगाची, म्हणजे ती धुवून जाणार नाहीं. शंभर-दोनशें किलोमीटर झाल्यावर एकदां, आणि पुढें तेल बदलण्याच्या प्रत्येक वेळीं, झांकण उघडून ती रेघ पाहावी.